संगमरवरी ओट्याला आंबट चालत नाही

मुकुंदवाडीत जुने घर पाडून नवे बांधायला काढले, की बहुतेक गोष्टी खिशाच्या आणि जागेच्या मापाने ठरतात. जिना कुठून घ्यायचा, टाकी किती लिटरची बसवायची, यावर घरात फारसे वाद होत नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मात्र हमखास दोन तट पडतात. सासूबाईंचे म्हणणे असते, काळा ग्रॅनाइट बरा, काही सांडले तरी दिसत नाही. सुनेने मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र संगमरवराची स्वयंपाकघरे पाहिलेली असतात. फरशीच्या दुकानदाराला दोघींनाही ‘हो’ म्हणायचे असते. घरातले पुरुष या चर्चेत फक्त दर विचारण्यापुरते असतात, ही गोष्ट वेगळी.

वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा. पण ओट्यावर रोज अन्न तयार होते, त्याच्यासमोर घरातले कोणीतरी दिवसाचे तीन-चार तास उभे असते, आणि त्याचे डाग काढण्यासाठी घरात जी बाटली येते ती कधीकधी थेट रुग्णालयापर्यंत पोहोचवते. शिवाय तो दगड कापताना उडालेली धूळ कोणाच्या तरी छातीत जाते. त्यामुळे ओट्याचा दगड हा आरोग्याचाही विषय आहे.

आधी संगमरवर म्हणजे काय ते पाहू. जमिनीच्या पोटात चुनखडीच्या दगडावर लाखो वर्षे उष्णता आणि दाब पडला, की त्याचे कण नव्याने जुळून संगमरवर तयार होतो. त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. हेच रसायन अंड्याच्या टरफलात असते, शिंपल्यात असते आणि नळाच्या तोटीभोवती जमणाऱ्या पांढऱ्या खरपुडीतही असते. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून अनेक घरांत बोअरचे पाणी वापरले जाते. ते बहुधा जड असते. त्याचा पांढरा थर तोटीवर, गीझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्याच्या तळाशी साचतो. हा थर आणि संगमरवर रसायनाच्या दृष्टीने सख्खे भाऊ.

एवढे लक्षात आले की अर्धे काम झाले. ज्या द्रव्याने तोटीवरची खरपुडी निघते, ते द्रव्य संगमरवरालाही खाते. लिंबू, व्हिनेगर, चिंच, बाथरूम स्वच्छ करण्याची आम्लयुक्त द्रावणे, सगळी याच यादीत येतात. ‘लिंबाच्या सालीने ओटा चमकवा’ असा घरगुती उपाय मोबाइलवर फिरतो, तो स्टीलच्या सिंकला लागू आहे. संगमरवराला लावला तर चमक जाईल.

आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट एकत्र आले, की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि दगडाचा वरचा पातळ थर विरघळतो. लिंबाचा थेंब पडला आणि पाच-दहा मिनिटे तसाच राहिला, तर तेथे एक निस्तेज ठिपका उरतो. लोक त्याला डाग समजून घासत बसतात. तो डाग नसतोच. डाग म्हणजे बाहेरून रंग आत मुरणे. येथे दगडच झिजलेला असतो. म्हणून कितीही घासले तरी तो जात नाही, उलट वाढतो. पुन्हा पॉलिश करणे हाच त्यावर इलाज.

आता मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात आंबट काय काय असते ते आठवून पाहा. अंबाडीची भाजी, आंबट चुका, चिंचेचा कोळ, ताक, कढी, टोमॅटो, उन्हाळ्यात कैरी आणि वर्षभर लोणच्याची बरणी. बरणीच्या बुडाला लागलेला खार ओट्यावर गोल छाप सोडतो. युरोपातल्या स्वयंपाकघरात संगमरवर शोभतो, कारण तेथे त्याच्यावर मुख्यतः कणीक आणि लोणी येते. संगमरवर गार राहतो, म्हणून लोण्याचे पीठ लाटायला बेकरीवाले त्याला पसंती देतात. आपल्याकडे संगमरवरी पोळपाट घरोघरी टिकला तो याच कारणाने. त्याच्यावर आंबट काही येत नाही.

या शहराला संगमरवर काही नवा नाही. बीबी का मकबऱ्यासाठी सतराव्या शतकात जयपूरकडच्या खाणींतून संगमरवर आणला गेला. फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्याची नोंद आहे. त्यांतल्या लहानातल्या लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. तरीही संपूर्ण मकबरा संगमरवरी नाही. खालचा भाग आणि घुमट संगमरवराचा, मधला बराचसा भाग येथल्याच काळ्या दगडाचा, त्यावर संगमरवरासारखा दिसणारा गुळगुळीत गिलावा. महाग दगड जेथे हात लागतो आणि नजर जाते तेथे, बाकी स्थानिक दगड. ओटा बांधतानाही हे तारतम्य उपयोगी पडते.

आपला स्थानिक दगड म्हणजे बेसाल्ट, ज्याला आपण काळा दगड किंवा काळा पाषाण म्हणतो. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून तो तयार झाला. अजिंठा आणि वेरूळची लेणी त्याच्यातच कोरलेली आहेत. पाटा-वरवंटाही त्याचाच. चिंच-गुळाची चटणी, लसणाचा ठेचा, ओले खोबरे, सगळे त्याच्यावर वाटले गेले आणि दगडाला काही झाले नाही, कारण त्यात आम्लाने विरघळणारा चुन्याचा अंश नगण्य असतो. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची, एवढीच त्याची देखभाल. संगमरवरी पाटा कोणी केला नाही, यामागे अनेक पिढ्यांचा अनुभव होता.

कठीणपणाचेही तसेच. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोस नावाची १ ते १० अशी मोजपट्टी आहे. संगमरवरातले कॅल्साइट त्यावर ३ वर येते. स्टीलची सुरी साधारण साडेपाच. ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी ७. म्हणजे सुरीने संगमरवरावर ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर मात्र सुरीचीच धार जाते. अंगणातून चपलेबरोबर येणारी वाळूही बहुतांशी गारगोटीच. ओल्या फडक्यात वाळूचा कण अडकला असेल, तर रोजच्या पुसण्यानेही संगमरवराची चमक हळूहळू उतरते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या घरांतला काळा कडप्पा हा ग्रॅनाइटचा गरीब भाऊ आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कडप्पा, कोटा आणि शहाबादी फरशी हे तिन्ही चुनखडीचे दगड. आंध्रातल्या कडप्पा, राजस्थानातल्या कोटा आणि कर्नाटकातल्या शहाबाद या गावांवरून त्यांना नावे मिळाली. रसायनाच्या हिशेबाने ते संगमरवराच्या घराण्यातले. आजीच्या ओट्यावर सिंकजवळचा कडप्पा पांढुरका पडलेला असायचा, त्याचे कारण हेच. फरक इतकाच की आजीने त्याच्याकडून चमकण्याची अपेक्षा कधी केली नव्हती.

मग निवड कशी करावी? दुकानात दगडाचे नाव ऐकून नव्हे. ‘इटालियन’, ‘व्हिएतनाम’, ‘मकराणा’ ही नावे दुकानागणिक सैलपणे वापरली जातात. मकराणा हे राजस्थानातल्या नागौर भागातले गाव. ताजमहालाचा संगमरवर तेथलाच. पण दुकानातला प्रत्येक ‘मकराणा’ तेथून आलेला असेलच असे नाही. म्हणून जो दगड घ्यायचा त्याचाच एक तुकडा मागून घरी आणावा. दुकानदार कुरकुर करत का होईना, देतो. त्यावर एका कोपऱ्यात लिंबाची फोड, एका कोपऱ्यात तेलात कालवलेली हळद आणि एका कोपऱ्यात पाण्याचा मोठा थेंब ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी पुसावे. खाली दगड गडद दिसला तर तो पाणी शोषतो, म्हणजे तेल आणि हळदही शोषेल. लिंबू आणि हळद रात्रभर राहू द्यावी. सकाळी जे दिसेल तेच पुढची वीस वर्षे दिसणार आहे. ते पाहूनही आवडला, तर तो दगड खुशाल घ्यावा. काही घरांत या खुणांसकट संगमरवर आवडीने वापरला जातो आणि त्यात गैर काही नाही.

काळ्या ‘ग्रॅनाइट’वर लिंबू ठेवून काहीच झाले नाही तर उत्तम. पण फिकट ठिपका पडला, तर एक तर तो ग्रॅनाइट नाही, किंवा त्याच्यावर काळा रंग अथवा मेण चढवलेले आहे. पांढऱ्या कापडावर थोडे थिनर घेऊन दगड पुसला, की रंग कापडावर उतरतो.

संगमरवर घ्यायचाच असेल, तर चकाकत्या पॉलिशपेक्षा मॅट फिनिश घ्यावे. आम्लाची खूण चमकत्या पृष्ठभागावर उठून दिसते, मॅटवर मिसळून जाते. तसेच संपूर्ण ओटा संगमरवरी करण्याऐवजी गॅस आणि सिंकजवळचा भाग ग्रॅनाइटचा आणि पोळ्या लाटण्यापुरता दोन-अडीच फूट संगमरवर, ही वाटणी अधिक शहाणपणाची. गॅसजवळ संगमरवर नको, याला आणखी एक कारण आहे. कॅल्साइटचे स्फटिक तापले की एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने किंचित आक्रसतात. वारंवार तापल्या-निवल्याने कणांची पकड सैल होते आणि पातळ लादी वाकते. शिकागोतल्या अमोको कंपनीच्या गगनचुंबी इमारतीला इटलीतल्या काराराचा पातळ संगमरवर बसवला होता. तेथल्या थंडी-उन्हाने लाद्या वाकल्या आणि १९९० ते १९९२ या काळात सुमारे ४३ हजार लाद्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला. घरात एवढे काही होणार नाही. पण गॅसवरून उतरवलेली कढई थेट संगमरवरावर टेकवू नये. चुंबळ किंवा लाकडी पाट खाली असावा.

सीलर नावाचे द्रव्य फरशीवाले सुचवतात. ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि तेल-पाणी आत मुरण्याची गती कमी करते. त्याचा उपयोग आहे, पण डागापुरता. लिंबाने होणारी झीज सीलर थांबवत नाही. हे दुकानात बहुधा सांगितले जात नाही आणि मग सहा महिन्यांनी भांडण होते. सीलर लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दमा असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी दुसऱ्या खोलीत थांबावे. पाण्याच्या थेंबाची परीक्षा वर्षातून एक-दोनदा करावी. दगड गडद होऊ लागला की पुन्हा सीलर लावायची वेळ झाली.

दगड ठरला की चर्चा संपते, आणि उंची मिस्त्रीच्या सवयीवर सोडली जाते. कंबर, मान आणि खांद्याच्या दुखण्याचे मूळ अनेकदा येथे असते. उभ्याने काम करताना कामाची पातळी कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी, असा साधारण नियम आहे. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून सुमारे ३७ ते ३८ इंचांवर येते. म्हणजे तिच्यासाठी ओटा ३२ ते ३४ इंचांचा. ओटा ३६ इंचांचा केला, तर कणीक मळताना खांदे वर उचलावे लागतात. २८ इंचांचा केला, तर दिवसभर पाठीला बाक. गॅसची शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, म्हणून शेगडीखालचा भाग तेवढा खाली घेतला तर उकळत्या पातेल्यात डोकावताना टाचा उचलाव्या लागत नाहीत. सासू आणि सून यांच्या उंचीत फरक असेल तर? रोज कणीक जो मळतो त्याचे कोपर मोजावे. तो मुलगा असेल तर मुलाचे.

कडा गोल करून घ्याव्यात. रांगते मूल उभे राहू लागले, की त्याचे कपाळ आणि टेबल-कट्ट्यांच्या कडा एका पातळीत येतात. दगडाचे वजनही ध्यानात असावे. पाऊण इंच जाडीची सहा फूट बाय दोन फूट लादी सुमारे ५५ ते ६० किलो भरते. भिंतीत नीट न रोवलेली, पुढे फार बाहेर आलेली लादी लहान मुलाने लोंबकळल्याने निखळू शकते. आधाराच्या खांबात काटकसर नको.

रोजच्या स्वच्छतेला फार काही लागत नाही. सांडले की लगेच पुसणे, दिवसाच्या शेवटी भांड्यांच्या सौम्य साबणाचे कोमट पाणी, नंतर साधे पाणी आणि शेवटी कोरडे फडके. दगड कोणताही असो, जंतू त्याच्या जातीवर वाढत नाहीत, ओलाव्यावर आणि अन्नकणांवर वाढतात. या बाबतीत स्वयंपाकघरातली सर्वांत संशयास्पद वस्तू दगड नव्हे, तर तो पुसण्याचे फडके. दिवसभर ओले, सिंकच्या तोटीवर लटकलेले. त्याच फडक्याने ओटा, त्यानेच हात, त्यानेच ताट. ते रोज साबणात धुऊन उन्हात वाळवले तरी पोटाचे बरेच त्रास टळतात. आपल्याकडे उन्हाची टंचाई नाही.

कच्चे चिकन किंवा मटण ओट्यावर कापू नये. त्यासाठी वेगळा फळा ठेवावा, आणि कोशिंबिरीची काकडी त्या फळ्यावर जाऊ देऊ नये. कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुण्याची सवय बहुतेक घरांत आहे. त्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाब करणारे जंतू ओट्यावर, तोटीवर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. नीट शिजवल्याने हे जंतू मरतात, धुतल्याने नाही. चिकन कापल्यावर साबणाने धुतलेला ओटा निर्जंतुक करायचा असेल, तर एक लिटर पाण्यात जेमतेम एक चहाचा चमचा साधे घरगुती ब्लीच पुरते. एखादा मिनिट ठेवून स्वच्छ पाण्याने पुसावे. कडक ब्लीच वारंवार वापरले तर संगमरवर निस्तेज होतो. सिंकभोवतीच्या सांध्यात काळी बुरशी दिसली, तर तो सांधा खरवडून नव्याने भरून घ्यावा. वरून घासून ती जात नाही.

डागांत आपल्याकडे हळद पहिली. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते आणि प्रकाशाने हळूहळू फिके पडते. म्हणून फोडणीतली हळद दगडात खोल शिरते, आणि म्हणूनच ओट्याच्या खिडकीजवळच्या टोकावरचा डाग आपोआप उडतो. तेल आणि हळदीसाठी लेपाचा उपाय चालतो. खाण्याचा सोडा आणि पाणी यांचा दाट लेप डागावर अर्धा इंच जाड थापावा, वर प्लॅस्टिक झाकून एक दिवस ठेवावा, मग उघडून वाळू द्यावा. लेप वाळताना दगडातले तेल वर ओढले जाते. हळदीच्या हट्टी डागासाठी पाण्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते, पण हातमोजे घालून. सोडा लागल्यावर हळद आधी लालसर होते, घाबरू नये. हळदीपासून कुंकू करताना हेच होते. पुरातत्त्व विभागाने ताजमहालाचा पिवळेपणा काढण्यासाठी १९९४पासून अनेकदा मुलतानी मातीचा लेप वापरला, त्यामागचे तत्त्वही हेच. बिडाच्या तव्याचा गंज मात्र एकदा मुरला की घरगुती उपायाने सहसा निघत नाही. ओला तवा दगडावर ठेवू नये, एवढेच.

आता बाटलीबद्दल. फरशी बसवून झाली की सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ‘ॲसिड’ मागवतो. हे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. संगमरवरावर ते ओतले की फेस येतो. घाण निघते आहे असे वाटते, प्रत्यक्षात दगड निघत असतो. काम झाले की उरलेली बाटली मोरीच्या कोपऱ्यात राहते. कधी ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेले असते. तहानलेले मूल, अंधारात उठलेला म्हातारा माणूस, दोघांनाही ती बाटली पाण्याचीच वाटते. ॲसिडच्या एका घोटाने अन्ननलिका भाजते. जीव वाचला तरी नंतर ती आकसते आणि पातळ पदार्थही नीट उतरत नाहीत. वारंवार दुर्बिणीतून ती रुंद करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले: ओळखपत्र पाहून, नोंद ठेवून, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला अजिबात नाही. तरी मिस्त्रीच्या पिशवीत बाटली असतेच.

कोणी ॲसिड प्यायले, तर उलटी करायला लावू नये. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजते. सोडा, मिठाचे पाणी, अंड्याचा बलक असे उतारे पाजू नयेत. तोंड पाण्याने धुऊन थुंकायला सांगावे आणि १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने घाटीच्या अपघात विभागात न्यावे, बाटली सोबत घेऊन. डोळ्यात उडाले तर आधी वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धरावा, मग निघावे. नळाला पाणी नसेल तर टाकीतले, हंड्यातले, जे स्वच्छ असेल ते. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद मोरीत त्याने खोकला आणि गुदमरल्यासारखे होते, आणि फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका काही तासांनंतरही असतो. उघड्यावर आल्यानंतर बरे वाटले, तरी धाप राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो म्हणून कर्करोग होतो, असाही एक निरोप अधूनमधून फिरतो. ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अत्यल्प अंश असतो आणि त्यातून किंचित रेडॉन वायू सुटतो, इतके खरे. पण हवा खेळत्या स्वयंपाकघरात ओट्यामुळे होणारी त्याची वाढ काळजी करण्याजोगी नसते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर आधी तिकडे लक्ष द्यावे.

ओट्यामुळे खरा धोका आहे तो ओटा कापणाऱ्याला. सिंकचे भोक पाडायला, कोपरा जुळवायला लादी जागेवरच कापली जाते. हातातले कटर, कोरडा दगड, तोंडाला फार तर रुमाल. दोन मिनिटांत खोली पिठाच्या गिरणीसारखी होते. या धुळीतला घातक भाग म्हणजे स्फटिकरूप सिलिका, अर्थात गारगोटीची सूक्ष्म भुकटी. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडते. न दिसणारे बारीक कण फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तेथून निघत नाहीत, आणि त्यांच्याभोवती गाठी व व्रण तयार होतात. हा सिलिकोसिस. कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणली आहे. झालेले व्रण भरून काढणारे औषध नाही.

या बाबतीत संगमरवर उजवा ठरतो. शुद्ध संगमरवरात सिलिका फार थोडी असते. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये गारगोटी साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त असते. बाजारातले बरेचसे काळे ‘ग्रॅनाइट’ भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतेच. त्यात गारगोटी कमी असते. सर्वांत धोकादायक म्हणजे अलीकडे लोकप्रिय झालेला कृत्रिम क्वार्ट्झ. गारगोटीची भुकटी राळेत घट्ट दाबून तो तयार करतात आणि त्यात सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. तो डाग घेत नाही, लिंबाला दाद देत नाही, दिसतो संगमरवरासारखा. स्वयंपाकघरात बसल्यावर तो निरुपद्रवी आहे. पण तो कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना काही वर्षांतच गंभीर सिलिकोसिस झाल्याचे इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत आढळले. काहींना फुप्फुस बदलावे लागले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून असा दगड तयार करण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकला जातो.

घरमालकाला यात करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला खर्च थोडा. मापे आधीच पक्की करून शक्य तेवढी कापणी कारखान्यातच, पाण्याच्या धारेखाली करून आणावी. जागेवर कापायचेच असेल तर घराबाहेर, आणि कटरच्या पात्यावर सतत पाणी सोडून. विजेच्या यंत्राजवळ पाणी येणार, म्हणून शॉक टाळणारा ब्रेकर आणि पाण्यासाठी बनवलेले कटर असावे. रुमाल म्हणजे मास्क नव्हे. एन-९५ मास्कची किंमत ओट्याच्या एकूण खर्चात दिसणारही नाही. तो आपणच आणून द्यावा आणि ‘घाला’ म्हणून सांगावे. काम चालू असताना मुले, गरोदर बाई आणि दम्याचे रुग्ण घरात नकोत. नंतर केरसुणीने झाडू नये, धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या मुकुंदवाडीसारख्या भागात बांधकामावर आणि फरशीच्या कामावर जाणारी माणसेही राहतात. त्यांच्या घरात कोणाला कोरडा खोकला महिनोन्‌महिने असेल, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप लागत असेल, तर छातीचा एक्स-रे काढून घ्यायला हवा. सिलिकोसिसच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि क्षयरोगाशी त्यांची गल्लत होते. मग क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण होतो, खोकला तसाच राहतो, पुन्हा कोर्स सुरू होतो. दुसरीकडे सिलिकोसिस असलेल्याला खरोखरीचा क्षयरोग होण्याचा धोकाही कितीतरी पटींनी जास्त असतो, म्हणून थुंकीची तपासणी टाळून चालत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर पुष्कळदा धंदा विचारत नाहीत. रुग्णानेच आपण होऊन सांगावे, की दगड कापण्याचे काम आहे, इतकी वर्षे केले, कोरडे कापतो की पाण्यावर. आणि हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे.